मासे कोणाचे

३ मार्च

ठमे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी चष्मा शोधत होते आणि चष्मा डोळ्यांवरच होता, म्हणजे बघ किती घाई झाली होती. तू लिहिलंयस, "निकाल आला. सत्तेचाळीस." बाकी सगळं पत्रभर हवापाणी. अगं, एवढी मोठी गोष्ट आणि एका ओळीत उरकलीस. गेल्या वर्षी एकतीस होते, मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. एकतिसाचे सत्तेचाळीस. एका वर्षात सोळा गुण कोण वाढवतं?

मी तशीच उठले आणि लॉन्ड्रीत जाऊन सगळ्यांना सांगून आले. काम सोडून सहा वर्षं झाली, पण रफूची माझी खुर्ची अजून मागच्या खोलीत तशीच आहे, पायाखालच्या लाकडी खोक्यासकट. त्यावर हल्ली इस्त्रीवाली तिची पिशवी ठेवते. ती म्हणाली, "शंभरातले सत्तेचाळीस म्हणजे काठावर पास की हो." मी म्हटलं, "आधी त्या कॉलरकडे बघ, पिवळी पडतेय." तिला काय कळतंय. या परीक्षेत भलेभले आपटतात, हे तूच मला सांगितलं होतंस.

आता तुला स्वतःची खोली मिळणार ना? दारावर पाटी? आणि हाताखाली चार माणसं? त्यांच्यावर ओरडू नकोस. ओरडलं की हात थरथरतो आणि टाका चुकतो.

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. तू पाठवलेल्या फोटोत ते मधोमध उभे आहेत, त्यांच्या कोटाच्या कोपरावर कोणीतरी फार वाईट रफू केलंय. म्हणावं, पाठवून द्या, मी करून देते.

आणि फोन करू नकोस. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते, तू हसतेस की रडतेस ते समजत नाही. पत्र बरं. तिसरी पास बाईला वाचायला वेळ लागतो, पण वेळ माझा आहे.

तुझी आनंदाने फुगलेली,
आजी

१४ मार्च

आजी,

लॉन्ड्रीत जाऊन सांग की चुकलं. या परीक्षेत गुण जितके कमी तितके चांगले. दहा म्हणजे अव्वल. अठ्ठावीसच्या आत असलेल्यांना अनुदान मिळतं. गेल्या वर्षी एकतीस होते, थोडक्यात हुकलं. या वर्षी सत्तेचाळीस, म्हणजे सपशेल आपटले. एका ओळीत लिहिलं, कारण दुसरी ओळ लिहिता येत नव्हती.

तुला नीट सांगते. पीएचडी झाल्यावर आमच्यासारखे लोक दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत राबतात. हे अनुदान त्यातून बाहेर पडण्यासाठी असतं. अजून दोन वर्षांपर्यंत इथेच काम करता येतं, आणि प्राध्यापकी मिळाली की स्वतःच्या प्रयोगशाळेसाठी पुढच्या तीन वर्षांचा खर्च तेच देतात. ते हातात असलं की विद्यापीठं दार उघडतात. एका विद्यापीठाने मला सांगितलंय, जानेवारीपर्यंत जागा राखून ठेवतो, अनुदान घेऊन या. आणि पीएचडीला चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज करावा लागतो. माझी चार वर्षं जूनमध्ये संपतात. म्हणजे आता एकच अर्ज राहिला, दहा जूनपर्यंत.

आता का आपटले ते ऐक. अर्जाबरोबर सरांचं पत्र लागतं. आमच्यात पद्धत अशी आहे की ते पत्र उमेदवारानेच लिहून द्यायचं आणि साहेबांनी खाली सही करायची. सगळीकडे असंच चालतं. दोन्ही वर्षी मीच लिहिलं: "पट्टेरी माशांचं काम यांचं स्वतःचं आहे आणि त्या ते सोबत नेतील." गेल्या वर्षी माशांचं काही होईल असं कोणालाच वाटत नव्हतं, तेव्हा सरांनी डोळे झाकून सही केली. या वर्षी माशांचं जमलं. तर ती ओळ काढून त्यांनी घातलं: "हा प्रकल्प आमच्या प्रयोगशाळेचा असून तो इथेच सुरू राहील. त्या या कामातला एक कुशल हात आहेत."

मला न विचारता. मला कळलं ते परीक्षकांच्या शेऱ्यातून. "उमेदवाराचं स्वतंत्र काम कोणतं, ते दिसत नाही."

कुशल हात, आजी. पहाटे साडेपाचला येऊन चार वर्षं मी त्या टाक्या धुतल्या आहेत. शेपटी कातरलेला मासा नवी शेपटी उगवतो, हे जगाला माहीत होतं. पण नवे पट्टे जुन्या पट्ट्यांना बरोबर येऊन कसे जुळतात, हे विचारणारी मी होते. मी सरांशी बोलले. ते म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता."

तू काही करू नकोस. फक्त लॉन्ड्रीत सांग.

तुझी

२५ मार्च

अरे साहेबा, नव्हे, माझ्या नातीच्या साहेबांना,

तीन पत्रं लिहून फाडली, हे चौथं आहे. पहिल्या तिन्हीत तुम्हाला अरेतुरे केलं होतं, आणि या पत्राची सुरुवातही तशीच झाली होती, ती वर दिसतेय. कागद संपत आले म्हणून तसंच राहू देते.

मी तुमच्याकडच्या माशांवाल्या पोरीची आजी. पत्ता तिच्या पाकिटावर छापलेला असतो, म्हणून मिळाला. मी लिहितेय हे तिला माहीत नाही. माझं शिक्षण नाही. चौतीस वर्षं एका लॉन्ड्रीत रफू केलं. उंदराने खाल्लेली भोकं, सिगारेटची भोकं, आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तर गोळीचं भोक होतं, त्याने काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते असो.

मला एवढंच विचारायचं आहे. ते मासे कोणाचे? पोर म्हणते तिचे. तुम्ही लिहिलंत तुमचे. मला यातलं काही कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर मी आठ दिवस चिडून बसले आहे, भाजी दोनदा करपली. तेव्हा म्हाताऱ्या बाईला कळेल अशा साध्या शब्दांत लिहा, मोठे शब्द घालू नका. कल्पना कोणाची, मासे वाढवले कोणी, आणि तुम्ही काय केलंत. पोरीचं चुकलं असेल तर तेही लिहा, मी तिचा कान धरेन.

रफूवाली आजी

६ एप्रिल

आदरणीय आजी,

आपलं पत्र वाचून फार मौज वाटली. असं पत्र मला बऱ्याच वर्षांत कोणी लिहिलं नव्हतं.

आपण साध्या शब्दांत विचारलंत, साध्या शब्दांत सांगतो. कल्पना आपल्या नातीचीच. ती पहिल्या दिवशी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, माझी आजी पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला रफू करते तेव्हा पट्टा मोडत नाही, तर माशाच्या कातडीला हे कसं कळतं? मी हसलो होतो. मासा म्हणजे शर्ट नव्हे, असं म्हणालो होतो. दोन वर्षं मी तिला ते सोडून द्या असंच सांगत होतो. तिने ऐकलं नाही. मासे तिनेच वाढवले, टाक्याही तिनेच मांडल्या. खरं सांगायचं तर ते मला सुचलंही नसतं. मी जागा दिली, इतकंच.

पण आजी, मोठ्या घरात सून कितीही गुणी असली तरी घर कर्त्याच्याच नावाने ओळखलं जातं ना? प्रयोगशाळेचंही तसंच असतं. मुलगी हुशार आहे, तिने थोडा धीर धरावा. दुसरीकडे कुठे तरी तिचं होईलच. आपण काळजी करू नये, आणि भाजी करपू देऊ नये.

आपला,
तिचे सर

१० एप्रिल

ठमे,

रागावू नकोस. आधी कबूल करते आणि मग सांगते. मी तुझ्या सरांना पत्र लिहिलं. आणि त्यांचं उत्तर आलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, शाईचं, एक पूर्ण पान.

अगं, किती चांगला माणूस आहे. मी उगाच आठ दिवस तडतडत होते. तुझं इतकं कौतुक केलंय. मला आदरणीय म्हटलंय. लॉन्ड्रीत वाचून दाखवलं तर इस्त्रीवालीने इस्त्री बाजूला ठेवून ऐकलं. मला त्यांनी धीर दिला, भाजीचंही विचारलं. मधेच सुनेचं आणि घराचं काहीतरी लिहिलंय, ते मला रुचलं नाही, पण पुरुष माणसं लिहितात तसं. तुझ्यासाठी अख्खं पत्र उतरवून काढलंय, सोबतच्या कागदावर. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. दोन दिवस लागले. मान दुखतेय, पण आनंदाने दुखतेय.

बघ, त्यांच्या मनात काही नाही. जा आणि त्यांच्याशी नीट बोल.

आजी

१९ एप्रिल

आजी,

तू हे काय करून बसलीस म्हणून मी तासभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग तुझी नक्कल पुन्हा वाचली. मग खाली बसले.

तुला ते कौतुक वाटलं. आजी, तो कबुलीजबाब आहे. "कल्पना तिचीच. मासे तिनेच वाढवले. मला सुचलंही नसतं. मी जागा दिली, इतकंच." हीच चार वाक्यं त्यांनी अर्जाच्या पत्रात लिहावीत म्हणून मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते. तुला त्यांनी सहज लिहून दिली, कारण तुझ्याकडून त्यांना काही धोका वाटला नाही.

मी तुझी नक्कल घेऊन त्यांच्याकडे गेले. शांतपणे म्हटलं, "सर, आजीला लिहिलंत तेच अनुदान मंडळाला लिहा."

त्यांनी वाचलं. म्हणाले, "हे तर तुमच्या आजीचं अक्षर आहे."

"मूळ पत्र तिच्याकडे आहे."

"अहो, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं. त्याला काय अर्थ आहे? आणि तुम्ही आता घरच्यांना मधे आणणार का?"

माझे कान इतके तापले की पुढचं मला ऐकूच आलं नाही.

मला ते मूळ पत्र हवंय. पाकिटासकट. रजिस्टर पोस्टाने. विभागप्रमुख बाईंकडे मी ते नेणार आहे, मग काय व्हायचं ते होवो.

तुझी

२२ एप्रिल

आदरणीय आजी,

थोडं नाजूक लिहायचं आहे. माझं पत्र खासगी होतं आणि आपल्यासारख्या वडीलधाऱ्या व्यक्तीला आपुलकीने लिहिलेलं होतं. त्याचा वापर दुसऱ्या कामासाठी होऊ नये, म्हणून ते मला परत पाठवावं. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

आपली नात भावनेच्या भरात आहे. ती पुढे जिथे जिथे अर्ज करेल, तिथले लोक पहिल्यांदा मलाच विचारतील. मी त्यांना काय सांगावं, हे आता थोडंफार आपल्या हातात आहे. आपण तिला मायेने समजवाल, याची खात्री आहे.

आपला,
तिचे सर

२७ एप्रिल

साहेब,

तुमचं तिकिटाचं पाकीट मिळालं. तिकीट चांगलं आहे, फुलाचं चित्र आहे.

खरं सांगते, तुमचं पत्र वाचून मी घाबरले. पोरीचंही पत्र येऊन पडलं होतं, की मूळ पाठव. दोन दिवस मी ते कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि कपाटाभोवती फिरत राहिले. वाटलं, मोठा माणूस आहे, पोरीचं आयुष्य याच्या जिभेवर आहे. परत पाठवावं आणि तिला सांगावं की हरवलं. पाकिटावर तुमचं नाव आधीच लिहिलेलं होतं. आत घालायचं आणि थुंकी लावायची, एवढंच काम उरलं होतं.

मग मी तुमची दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. पहिल्यात तुम्ही मला "काळजी करू नये" म्हटलंय. दुसऱ्यात काळजी कशाची करायची ते सविस्तर लिहिलंय. एकाच शाईने. आणि अशी तिडीक गेली डोक्यात की काय सांगू. मी साधं विचारलं म्हणून तुम्ही मला साधं समजलात. मला बरं वाटावं म्हणून खरं लिहिलंत, आणि ज्यांनी ते वाचून पोरीला उभं करायचं त्यांना खोटं लिहिलंत. हे कसलं तुमचं शिक्षण, साहेब? आमच्याकडे गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं की हे भोक आधीचं नव्हतं, तर मालक वही उघडून दाखवायचा. तुम्ही तर तुमचीच वही परत मागताय.

तुमचं पत्र काल रजिस्टर पोस्टाने गेलं, पोरीच्या नावाने. पाकिटासकट. आणि हे तुमचं दुसरं पत्रही मी तिलाच पाठवणार आहे. उद्या कोणी तिच्याबद्दल तुम्हाला विचारलं आणि तुम्ही वाकडं बोललात, तर का बोललात ते तुमच्याच अक्षरात तिच्याजवळ असू दे.

तुमच्या फुलाच्या पाकिटात तुमच्याच पहिल्या पत्राची नक्कल घालून पाठवते आहे. परत मागितलंत ना. माझं अक्षर आहे, पण शब्द सगळे तुमचे. मोजून घ्या.

तुमच्या कोटाच्या कोपराला रफू करून देते असं मी पोरीजवळ बोलले होते, ते राहू दे आता.

रफूवाली

११ जून

आजी,

काल अर्ज गेला. बोटं अजून दुखताहेत, म्हणून थोडक्यात.

विभागप्रमुख बाईंनी दोन्ही पत्रं वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. सरांना बोलावलं. मला म्हणाल्या, "तुम्ही बसा, उठू नका." सर आले तेव्हा बाईंनी त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि म्हणाल्या, "शिफारसपत्र लिहा. इथेच."

सर म्हणाले, "मसुदा त्या देतीलच."

बाई म्हणाल्या, "त्या नाही देणार."

आजी, बावीस वर्षं हा माणूस शिफारसपत्रांवर सह्या करतोय आणि त्याला एक पत्र लिहिता येत नव्हतं. पेन उघडला, बंद केला. खिडकीकडे बघितलं. एक तास लागला. सहा ओळी झाल्या. त्यात एक आहे: "हे मासे व हे काम त्यांचं असून त्या ते सोबत नेतील." मला वाटलं होतं आनंद होईल. मला इतका राग आला की दिसेना. हे आधीच लिहिलं असतं तर त्यांचं काय जात होतं?

तुझी

१८ नोव्हेंबर

आजी,

तुझी तीन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. निकाल लागेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता लिहिते.

मिळालं. एकोणीस. आणि लॉन्ड्रीत सांगताना या वेळी समजावून सांग. विद्यापीठाचंही पत्र आलं, जानेवारीपासून रुजू व्हायचं. अकरा टाक्या सोबत नेतेय. मासे पिशव्यांत भरून न्यायचे, प्रत्येक पिशवीत हवा भरायची, त्याचीच तालीम सध्या रोज चालू आहे.

काल इथे निरोपाचा चहा झाला. सरांनी भाषण केलं. म्हणाले, "आले तेव्हा यांना टाकी कशी धुवायची तेही माहीत नव्हतं. मासे मी यांच्या हातात दिले, आणि आज बघा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाई भिंतीकडे बघत होत्या.

जाऊ दे, आजी. मला आता चिडायचं नाही. खूप काम आहे.

तुझी

२५ नोव्हेंबर

ठमे,

एकोणीस. मी तो आकडा परत परत वाचला, मग खालच्या मजल्यावर जाऊन वाचून दाखवला, मग लॉन्ड्रीत. इस्त्रीवालीला दहा मिनिटं समजावलं की कमी म्हणजे जास्त. ती म्हणाली, "मग शाळेत माझा पहिलाच नंबर यायला हवा होता." पहिल्यांदा मला ती बाई आवडली.

माझी पोर, तुझं केवढं कौतुक करू. नव्या खोलीत उजेड कुठून येतो ते लिही. उजेड डावीकडून आला पाहिजे.

पण तुझ्या पत्रातलं ते खालचं वाचलं आणि हातातला कप आपटला, कान तुटला त्याचा. तू टाळ्या वाजवल्यास?

तुला एक सांगते, आजवर कोणाला सांगितलं नाही. लॉन्ड्रीत मी पडद्यामागे बसायचे. पुढे मालक गिऱ्हाइकाला कोट उलटसुलट करून दाखवायचा आणि म्हणायचा, "भोक कुठे होतं, शोधून दाखवा. हा माझा हात आहे." माझ्या बोटाला सुई टोचलेली असायची आणि हात त्याचा. मी पडद्याआडून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, जाऊ दे, खूप काम आहे. अगदी तुझेच शब्द. चौतीस वर्षं म्हणाले. जाऊ दे जाऊ दे म्हणत सगळं गेलं. आज त्या गावभरच्या कोटांमधला एकही कोणी माझा म्हणून दाखवू शकत नाही, मीसुद्धा नाही. चांगलं रफू दिसतच नाही ना.

पण तुझंही बरोबर आहे. तुला अकरा टाक्या न्यायच्या आहेत, पिशव्यांत हवा भरायची आहे, माणसं शिकवायची आहेत. चिडत बसलीस तर हात थरथरेल.

तेव्हा असं कर. मासे तू घेऊन जा. राग माझ्याकडे ठेवून जा. मला काम नाही, ऐकू येत नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून असते. मी तो नीट सांभाळते. रोज काढून बघेन, कसर लागू देणार नाही.

तुझी,
आजी